बापाची फौज, पोराचं राज्य : सिकंदर कसा वर आला

इसवी सनपूर्व 336. मॅसिडोनियाच्या राजा फिलिपच्या लेकीचं लग्न. त्या सोहळ्यातच फिलिपला त्याच्या अंगरक्षकाने भोसकले आणि गादीवर 20 वर्षांचा सिकंदर बसला. पोरगं काय करणार, असं म्हणून ग्रीक शहरांनी आणि उत्तरेकडच्या टोळ्यांनी डोकं वर काढलं.

पण पोराच्या हाती काय आलं होतं ते बघा. फिलिपने 23 वर्षे खपून फौज बांधली होती. शिपायाच्या हातात 15 ते 18 फुटी भाला. सामानाच्या गाड्या बंद, 10 शिपायांमागे एकच नोकर, आणि 30 दिवसांचं पीठ ज्याचं त्याने पाठीवर वाहायचं. पोतं उचलणाऱ्यालाच ते ओझं कळेल. म्हणून ही फौज वाऱ्यासारखी हलायची. त्यातच 18 व्या वर्षी सिकंदराने केरोनियाच्या लढाईत घोडदळ चालवलं होतं.

सिकंदर मेला, अशी आवई उठली आणि 335 मध्ये थीब्ज शहराने बंड केलं. तो दोन आठवड्यांच्या आत दारात हजर! सुमारे 6 हजार माणसं मारली, 30 हजार गुलाम म्हणून विकली. बाकीचा ग्रीस गप्प झाला.

334 मध्ये तो इराणी साम्राज्यावर निघाला, तेव्हा खजिना जवळपास रिकामा, डोक्यावर कर्ज आणि शिधा जेमतेम महिन्याचा. ग्रॅनिकस नदीवर पहिलीच मोठी लढाई. सिकंदर स्वतः पुढे घुसला. मागून एका इराणी सरदाराने तलवार उगारली, तोच क्लीटसने त्याचा हात खांद्यातून छाटला. हा क्लीटस फिलिपच्या वेळचा माणूस. त्याच्या बहिणीने सिकंदराला तान्हेपणी सांभाळलेलं.

पुढे इसस, मग गौगामेला. दोन्हीकडे इराणचा राजा दरायस रण सोडून पळाला. 25 व्या वर्षी सिकंदर आशियाचा मालक.

328 मध्ये समरकंदला दारूची बैठक चालली होती. खुशमस्कऱ्यांनी सिकंदरापुढे फिलिपला हलकं ठरवलं. क्लीटसला ते सोसलं नाही. हे सगळं फिलिपच्या माणसांनी कमावलंय, आणि ग्रॅनिकसवर तुझा जीव याच हाताने वाचवला, असं त्याने तोंडावर सुनावलं. सिकंदराने पहारेकऱ्याचा भाला हिसकला आणि क्लीटसला जागीच मारलं.

नंतर तीन दिवस तो अन्नपाण्याविना खोलीत पडून होता.