विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

मैत्रिणींनो, रमाबाई म्हटलं की आपल्याला आधी आठवतात रमाबाई रानडे, नाहीतर बाबासाहेबांच्या पत्नी माता रमाई. पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात येऊन जातात. संस्कृतच्या पंडिता होत्या, शारदा सदन काढलं, ख्रिस्ती झाल्या. संपलं! त्या शेवटच्या दोन शब्दांपाशी आपण पुस्तक मिटतो. पण मला या बाईंचं खरं अप्रूप वाटतं ते त्यांच्या वाचण्याचं. धर्मग्रंथ कुठलाही असो, दुसऱ्यानं सांगितलेला अर्थ त्यांनी मुकाट्यानं कधी घेतला नाही.

याचं मूळ त्यांच्या घरातच होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष पत्करला. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. पुढं सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. आईनं लेकीकडून भागवतातले हजारो श्लोक पाठ करून घेतले. मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेले. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास हे दोघं अनवाणी चालत राहिले. पुराण सांगणाऱ्यांच्या घरातच उपासमार झाली, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

१८७८ मध्ये कलकत्त्यात तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद हातात ठेवून वाचायला सांगितलं. बायकांनी वेद वाचायचे नाहीत हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी वाचले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी, त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बायबलचा एक भाग, लूकचं शुभवर्तमान, बंगालीत सापडलं. बायकोला ते आवडतंय हे मेधावींना काही रुचलं नाही. १८८२ मध्ये कॉलऱ्यानं मेधावी गेले. पदरात मनोरमा, जेमतेम दहा महिन्यांची.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. त्यांच्या व्याख्यानांना जाते म्हणून रमाबाई रानड्यांनी घरच्या बायकांची किती बोलणी खाल्ली, ते त्यांच्या आठवणींत वाचायलाच हवं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनजवळ जोगिणींचं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं मायेनं सांभाळत. आपल्याकडे अशा बाईला दारातसुद्धा उभं करत नाहीत, मग या का करतात? त्यांनी विचारलंच. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी पाण्याला आलेली बाई. पाच नवरे झालेली, सहावा लग्नाशिवायचा. यहुदी लोक शोमरोन्यांच्या हातचं पाणी पीत नसत. अशा बाईकडे येशू पाणी मागतो, तिच्याशी बसून देवाधर्माचं बोलतो. विहीर, घागर, विटाळ, गावाची कुजबुज. मैत्रिणींनो, ही गोष्ट एका मराठी बाईला परकी कशी वाटेल? त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

आता बाई गप्प बसतील असं तिथल्या मंडळींना वाटलं असेल, तर ते चुकलं. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या गुरू. त्यांच्याशी रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत का नको? पुरुषांना शिकवायला बिशप का अडवतात? बायबलात जे मला दिसत नाही ते चर्च म्हणतं म्हणून का मानू? मांसाहार तर त्यांनी केलाच नाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच मुलींना घरी नेलं. मला विचाराल तर पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. रमाबाईंची श्रद्धा उघड होती आणि पुढं त्यांची संस्था ख्रिस्ती म्हणूनच वाढली. पण नेलेल्या विधवा मुलींना घरी काय वाट्याला येणार, ते विचारणारे फार थोडे निघाले.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्य प्रांतात धावल्या. लहानपणीची भूक आठवली असणारच. शेकडो बायका-मुली त्यांनी आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी सरकारी छावणीत बायकांना कसं वागवतात, हे त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात जाहीर लिहिलं. धर्म एक म्हणून गोऱ्या सरकारची भीड त्यांनी धरली नाही. १९०० च्या दुष्काळानंतर तर मुक्तीत दीड-दोन हजार जणी होत्या. अंध होत्या, टाकलेल्या होत्या. त्या विणकाम करत, शेती बघत, छापखान्यात खिळे जुळवत.

त्याच छापखान्यासाठी रमाबाईंनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम काढलं. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा केडगावच्या बायकांच्या डोक्यावरून जायची. मग त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. संस्कृतात बुडालेल्या बाईनं जड संस्कृत शब्द टाळून अख्खं बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतलं. खरं सांगायचं तर ते मूळ शब्दांना फार धरून आहे, त्यामुळे वाचताना कधीकधी अडखळायला होतं. देवळांतून जुनंच भाषांतर चालू राहिलं. पण जिच्यासाठी ते लिहिलं ती कालपर्यंत अक्षरशत्रू होती, आणि मुक्तीतल्याच बायकांच्या हातांनी ते छापलं जात होतं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ऐकू येईनासं झालेलं, शरीर थकलेलं, तरी रमाबाई पानं तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडला.