मोल्सवर्थसाहेब आणि सोळा पायऱ्या

सनीव्हेलच्या आमच्या घरात लॅपटॉपशेजारी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो. पुण्याहून आणताना बॅगेचं वजन भरलं आणि आईच्या लोणच्याची बरणी मागे राहिली. परवा फोनवर आजी माझ्या लेकीला वेंधळी म्हणाली, म्हणून लेकीने अर्थ शोधायला कोश उघडला, तो पहिल्या पानापासून!

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. विशीच्या आत ते कंपनीच्या मुंबई फौजेत आले, मराठी शिकले आणि शब्द गोळा करू लागले. पुढे सरकारने कोशाचं काम सोपवलं. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू आणि इथली शास्त्रीमंडळी सोबत होती. १८३१ साली कोश छापून झाला. तब्येत ढासळल्याने १८३६ मध्ये साहेब इंग्लंडला परतले. पण १८५१ मध्ये पुन्हा आले आणि दुसऱ्या आवृत्तीला भिडले. १८५७ च्या त्या आवृत्तीत जवळपास ६०,००० शब्द आहेत.

आता आमच्या धंद्यातलं गणित बघा. ६०,००० शब्द एकेक करून तपासले, तर नशीब वाईट असल्यास ६०,००० वेळा बघावं लागेल. त्याऐवजी थेट मधला शब्द बघायचा. आपला शब्द त्याच्या पुढचा असेल तर आधीचा अर्धा भाग सोडायचा, मागचा असेल तर नंतरचा. उरलेल्या भागात पुन्हा तेच. फार तर सोळा वेळा बघून शब्द सापडतो, किंवा तो कोशात नाही हे तरी कळतं. हाच बायनरी सर्च. कोडमध्ये तो दहा-पंधरा ओळींत बसतो, पण अट एकच: यादी आधी क्रमाने लावलेली हवी. संगणक नसताना तो क्रम हातांनी लावला गेला. नवा शब्द आला की त्याची जागा शोधा, मागचेपुढचे ताडून पाहा. आपल्या सोळा पायऱ्यांमागे त्या माणसांची कित्येक वर्षं आहेत.

साहेब १८६० मध्ये कायमचे परतले आणि १८७१ मध्ये वारले. कोश मात्र इथे राहिला. १९७५ मध्ये पुण्यात तो पुन्हा छापला गेला.

मी लेकीला कोश मधोमध उघडायला सांगितलं आणि विचारलं, 'व' या पानाच्या आधी की नंतर? ती गप्प. अक्षरं तिला येतात, त्यांचा क्रम येत नाही. शिकवणाऱ्याने, म्हणजे मीच, तो कधी म्हणून घेतला नव्हता. साहेबांनी परकी भाषा क्रमाने लावली आणि माझ्या घरात आपलीच विस्कटलेली!

त्या रात्री 'क ख ग घ' फ्रिजवर लागलं. रविवारी तिने स्वतः वेंधळी शोधला. अर्थ वाचून आजीवर रुसलीय.