मागची फळी उभी करणारे रहीमसाहेब

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी आपण एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र वाचतो. संत, समाजसुधारक आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते यांच्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. यंदा मात्र आम्ही वाचकांना एका शाळामास्तरांची ओळख करून देणार आहोत. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्णपदक दोनदा मिळाले, १९५१ मध्ये आणि १९६२ मध्ये. दोन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक हेच होते. त्यानंतर आजतागायत ते पदक पुन्हा मिळालेले नाही.

मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हैदराबादच्या फुटबॉल प्रशिक्षकाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की ते आपल्याच जुन्या राज्याचे गृहस्थ. आज आपण सहज तेलंगणा आणि महाराष्ट्र असे दोन शब्द वापरतो. पण आपल्या आजोबांच्या काळी आदिलाबाद, नांदेड, परभणी आणि औरंगाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातला इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला. आपण आंध्र प्रदेशात राहिलो. पैनगंगेच्या पलीकडे दिलेल्या लेकी एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या. सोयरीक तुटली नाही, पण सातबारा, शाळा आणि नोकरीची भाषा बदलली. ज्या महिन्यात हे घडले त्याच महिन्यात, नकाशावरून पुसल्या गेलेल्या त्या राज्याची पाच-सहा मुले मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेली होती. त्यांना घडवणारे रहीमसाहेब त्यांच्याबरोबर होते.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या दिवसांत ते स्वतः चांगले खेळत. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवले. पदवीनंतर शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतले खेळ आपल्याकडे घेतले. आम्हा डिप्लोमावाल्यांना ही गोष्ट वाचून बरे वाटते, हे लपवत नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले, आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

मास्तर असल्यामुळे त्यांची शिकवण्याची पद्धतही वर्गातल्यासारखी होती. ज्याचा जो विषय कच्चा, तो आधी पक्का करायचा. ज्या मुलाचा डावा पाय दुबळा असेल त्याने फक्त डाव्या पायानेच खेळायचे, अशा स्पर्धा त्यांनी भरवल्या. एकट्यानेच चेंडू घेऊन पळायला मनाई असलेल्या स्पर्धाही भरवल्या. चेंडू आला की थांबवत बसायचे नाही, चटकन जवळच्या गड्याला द्यायचा, ही सवय अशा खेळातून अंगात मुरत गेली. तुळशीदास बलराम हा पुढे ऑलिंपिक गाजवणारा मुलगा सिकंदराबादच्या बाजूच्या गरीब घरातला. सरावाला शहरात येण्याची ऐपत नव्हती. त्याच्या भाड्याच्या सायकलची सोय रहीमसाहेबांनी स्वतःच्या खिशातून केली.

१९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. आजच्या व्यावसायिक खेळाडूला कोटींचा करार मिळतो. त्या काळचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे पोलीस खात्याच्या हजेरीपटावरचा माणूस. महिन्याचा पगार, डोक्यावर छप्पर आणि म्हातारपणी पेन्शन. एवढ्या आधारावर त्या मुलांनी जिवाचे रान केले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्याच १९५० साली ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही त्यांनी बरोबरी साधली आणि पुन्हा झालेला सामना जिंकला. संतोष करंडकात तर हैदराबादने १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत अंतिम फेरीत मुंबईलाच हरवले. मुंबईकडच्या पाहुण्यांना हे सांगताना आपण थोडी मान ताठ करायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. जो मागे उभा राहून गोल होऊ देत नाही, त्या बचावपटूचे नाव तो चुकला तरच येते. त्याचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही याची बातमी होत नाही. रहीमसाहेबांचे मोठेपण आम्हाला यात दिसते, की त्यांनी या मागच्या गड्यांकडे सर्वांच्या आधी लक्ष दिले.

त्याची सुरुवात एका मोठ्या पराभवातून झाली. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० हरवून सुवर्ण मिळाले आणि देशभर आनंद झाला. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले. आपले अनेक खेळाडू त्या थंडीत, ओल्या गवतावर अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण रहीमसाहेबांना त्याखेरीज आणखी एक गोष्ट कळली होती. आपल्याकडे तेव्हा मागे दोन फुलबॅक, मधे तीन आणि पुढे पाच अशी जुनी रचना चाले. पाच जण गोल करायला आणि दोघे वाचवायला! वेगवान युरोपीय संघापुढे ते दोघे उघडे पडत. पन्नाशीच्या दशकात रहीमसाहेबांनी हळूहळू मागची फळी दाट केली आणि चार मागे, दोन मधे, चार पुढे अशी रचना आणली. मागच्या गड्याने चेंडू नुसता लांब भिरकावून मोकळे व्हायचे नाही, तो आपल्याच माणसाला द्यायचा, हा त्यांचा आग्रह होता.

सिटी पोलीस संघाचे फुलबॅक सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन याच शाळेत तयार झाले. हेलसिंकीचा तो १०-१ चा संघ आणि चार वर्षांनंतरचा मेलबर्नचा संघ, दोन्हींत ते होते. मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईचा नेव्हिल डिसूझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. नेव्हिलने आधी गोल करून आघाडीही मिळवून दिली, पण शेवटी १-४ असा पराभव झाला. कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने जिंकला आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वर आपण कधीच गेलो नाही. अझीझुद्दीन यांच्याबरोबर नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम ही हैदराबादची मंडळी त्या संघात होती. त्यांचे राज्य तेव्हा महिनाभरापूर्वीच संपले होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा हकीमही होता. पण वडील प्रशिक्षक असूनही त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरायला मिळाले नाही. आपल्याकडे ओळखीच्या माणसासाठी शब्द टाकण्याची जी रीत आहे, ती पाहता ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या स्पर्धेत फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, पण हंगेरी आणि पेरूकडून हरल्याने भारत पुढे गेला नाही.

रोमच्या संघात पंजाबचा एक उंच, धिप्पाड बचावपटू होता, जर्नैलसिंग. होशियारपूर जिल्ह्यातला हा मुलगा कोलकात्याच्या राजस्थान क्लबकडून खेळायला आला आणि १९५९ पासून मोहन बागानचा आधारस्तंभ झाला. त्याच्या अंगावरून पुढे जायला भलेभले कचरत. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी रहीमसाहेबांनी जो संघ नेला त्याची मागची फळी याच्याभोवती बांधलेली होती. शेजारी अरुण घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोकसिंग होते. मधल्या फळीत मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा फ्रँको होता. कर्णधार होता चुनी गोस्वामी.

स्पर्धेची सुरुवातच वाईट झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० हरवले. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ हरवले, पण जर्नैलसिंगच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही. तरी तो सामना २-० जिंकून भारत उपांत्य फेरीत गेला. आता प्रश्न असा, की डोक्याला पट्टी बांधलेल्या या गड्याचे करायचे काय? बचावपटूला सतत उंच चेंडू डोक्याने मारावे लागतात, समोरच्याशी टक्कर घ्यावी लागते. त्याला मागे ठेवणे धोक्याचे होते. आणि त्याच्याशिवाय संघाचे बळ अर्धे होते.

रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर पाठवले! कॉलेजच्या दिवसांत जर्नैलसिंग पुढे खेळत असे, हे त्यांच्या लक्षात होते. मागची जबाबदारी अरुण घोष आणि इतरांवर सोपवली. वर्षानुवर्षे चेंडू जवळच्या गड्याला देण्याची सवय लावलेली असल्यामुळे जागा बदलल्या तरी संघ विस्कटला नाही. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध चुनी गोस्वामीने दोन आणि जर्नैलसिंगने एक गोल केला. भारत ३-२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. जाकार्तात तेव्हा भारताविरुद्ध वातावरण तापले होते. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिले नाही, म्हणून आशियाई महासंघाचे भारतीय पदाधिकारी सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्याचा राग भारतीय वकिलातीवर काढण्यात आला. मैदानावरची एक लाखाची गर्दी आपल्या खेळाडूंच्या विरोधात ओरडत होती. गोलरक्षक पीटर थंगराज आजारातून उठून उभा राहिला होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला आणि थोड्याच वेळात पट्टी बांधलेल्या जर्नैलसिंगने दुसरा. त्यापुढचा तासाहून अधिक वेळ ही मागच्या गड्यांची परीक्षा होती. कोरियाला एकच गोल करता आला, तोही अगदी शेवटी. २-१ ने सुवर्ण आपले झाले.

त्यानंतर रहीमसाहेबांना फार दिवस मिळाले नाहीत. फुफ्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. जाकार्ताच्या विजयाला जेमतेम नऊ महिने झाले होते. वय चौपन्नाला टेकले होते. जर्नैलसिंगला १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे आशियाई निवडक संघाचे कर्णधारपदही मिळाले. २००० साली त्याचे निधन झाले. रहीमसाहेबांच्या वाट्याला पद्म पुरस्कार आला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, त्यांना जाऊन बावीस वर्षे झाल्यावर. १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. २०२४ मध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ चित्रपट आला तेव्हा कुठे घराघरात त्यांचे नाव पोहोचले. साठ वर्षे लागली.

आम्ही सरकारी कार्यालयात काम करणारी माणसे. आपल्या मंडळातही शिक्षक, तलाठी, पोस्टमन, परिचारिका, वीज खात्यातले लोक पुष्कळ आहेत. यातल्या बहुतेकांचे काम बचावपटूसारखे आहे. वीज गेली नाही, साथ पसरली नाही, नोंद चुकली नाही, तर कोणी आभार मानत नाही. रहीमसाहेबांनीही असेच एका शाळेच्या नोकरीत राहून काम केले. त्यांचे राज्य गेले, त्यांच्या संघाचे नावही बदलून आंध्र प्रदेश पोलीस झाले. टिकून राहिली ती त्यांनी शिकवलेली मुले. भाषा, धर्म, प्रांत वेगवेगळे असलेली ही मुले त्यांनी एका फळीत उभी केली. सीमेवर राहणाऱ्या, घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दोस्तांत दखनी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. उत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांत सर्वाधिक गोल करणाऱ्याला आणि सर्वाधिक धावा काढणाऱ्याला आपण बक्षीस देतो. यापुढे एक बक्षीस मागे उभे राहून संघ राखणाऱ्या खेळाडूला द्यावे, आणि एक त्या मुलांना शिकवणाऱ्या क्रीडाशिक्षकाला. रक्कम छोटी असली तरी चालेल. बक्षीस देताना रहीमसाहेबांचे नाव घेतले जावे, एवढीच आमची इच्छा. गणपती बाप्पा मोरया!