पित्याचे कर्ज आणि घरातील आनंद : हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.)

कर्ज हे केवळ पैशाचे ओझे नसते. ते माणसाची झोप नेते, घरातील बोलणेचालणे कमी करते आणि पुष्कळदा अन्नाची चवही हिरावून घेते. काही जण कर्जाच्या चिंतेत घरातल्यांचा हक्क विसरतात, तर काही जण घरातल्यांच्या हौसेत सावकाराचा हक्क विसरतात. या दोन्ही चुका टाळून जगलेल्या एका अन्सारी तरुणाचे जीवन हदीसच्या ग्रंथांत तपशिलाने आले आहे. ते म्हणजे हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.).

मदीनेतील खजरज कबिल्याच्या बनू सलिमा शाखेत त्यांचा जन्म झाला. पिता हजरत अब्दुल्लाह बिन अम्र बिन हराम (रजि.) हे अकबाच्या दुसऱ्या करारप्रसंगी निवडल्या गेलेल्या 12 नकीबांपैकी एक होते. त्या रात्री लहान वयाचे जाबिर (रजि.) वडिलांसोबत तेथे उपस्थित होते. घरी खजुरीची बाग होती, पण संपत्ती फारशी नव्हती. जाबिर (रजि.) एकुलते एक पुत्र होते आणि त्यांना अनेक बहिणी होत्या. त्यांची संख्या काही रिवायतींत सहा, तर काहींत नऊ आली आहे.

हिजरी सन 3 मध्ये उहुदची लढाई उभी राहिली. आदल्या रात्री पित्याने पुत्राला जवळ बोलावले. उद्याच्या पहिल्या शहिदांत आपण असू असे मनाला वाटते, हे त्यांनी सांगितले. अल्लाहच्या पैगंबरांनंतर (स.) आपल्याला सर्वांत प्रिय तूच आहेस, असेही ते बोलले. मग त्यांनी दोनच गोष्टी सोपवल्या : माझ्यावर कर्ज आहे ते फेड, आणि बहिणींशी चांगुलपणाने वाग. त्या वसिय्यतीतील हे दोन हक्क एकमेकांना लागून होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पित्याने कर्जासाठी मुलींना विसरायला सांगितले नाही आणि मुलींसाठी कर्ज मागे ठेवायलाही सांगितले नाही.

घरात मुलींजवळ कोणीतरी हवे म्हणून पित्याने जाबिर (रजि.) यांना लढाईवर येऊ दिले नव्हते. दुसऱ्या दिवशी अब्दुल्लाह (रजि.) शहीद झाले. तरुण जाबिर (रजि.) यांच्या खांद्यावर एकाच दिवशी पितृशोक, बहिणींचा संसार आणि सावकारांचा तगादा असे तिन्ही भार आले.

कर्ज खजुरांच्या रूपात फेडायचे होते. एका रिवायतीत एका यहुदी सावकाराचे 30 वसक खजूर येणे असल्याचे आले आहे. एक वसक म्हणजे 60 साअ. या हिशेबाने ते 1800 साअ होतात. एका कुटुंबाच्या बागेसाठी ही रक्कम लहान नव्हती. बागेचे उत्पन्न एवढे नव्हते की एका हंगामात कर्जही फिटावे आणि बहिणींची वर्षभराची सोयही व्हावी. जाबिर (रजि.) यांनी मुदत मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा ते पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि सावकारांशी बोलण्याची विनंती केली.

पैगंबर (स.) यांनी सावकारांना सुचवले की या हंगामाचे सारे फळ घ्यावे आणि शहिदाच्या उरलेल्या कर्जातून त्याला मोकळे करावे. सावकारांनी नकार दिला. येथे थांबून विचार करावा. मदीनेत शब्द चालत होता तो पैगंबरांचा (स.), कर्जदार शहीद होता, वारस अनाथ मुली होत्या. तरीही सावकारांवर जबरदस्ती झाली नाही. सूट देणे हा उपकार आहे, तो मागता येतो. पण येणे मागणे हा हक्क आहे, तो हिसकावता येत नाही.

मग पैगंबर (स.) यांनी जाबिर (रजि.) यांना एक साधे काम सांगितले. खजूर उतरवल्यावर प्रत्येक जातीचा ढीग वेगळा लावावा. अजवा एका बाजूला, इतर जाती आपापल्या जागी. आणि सारे तयार झाले की कळवावे. तसे झाल्यावर ते स्वतः आले, खजुरांपाशी बसले, बरकतीची दुआ केली आणि मापून द्यायला सांगितले. जाबिर (रजि.) मापत गेले. एकेका सावकाराचे पूर्ण येणे चुकते झाले आणि खजूर जणू हातच लागला नसावा असे शिल्लक राहिले. 30 वसकांच्या रिवायतीत कर्ज फिटून 17 वसक उरल्याचे आले आहे. बहिणींसाठी एक खजूरही घेऊन परतलो नाही तरी चालेल, पण पित्याचे कर्ज फिटावे, एवढीच जाबिर (रजि.) यांची इच्छा होती. अल्लाहने कर्जही फेडले आणि घरही रिकामे ठेवले नाही.

ही बरकत पैगंबरांचा (स.) मोजिजा होती. पण तिच्या आधी जे घडले ते प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे. कर्ज नाकारले गेले नाही, सावकाराला टाळले गेले नाही, जाणत्याचा सल्ला घेतला गेला, माल वेगवेगळा लावून मोजला गेला आणि देणे पुरेपूर दिले गेले.

आता त्या घरातील दुसरी बाजू पाहू. पित्यानंतर जाबिर (रजि.) यांनी विवाह केला. इब्ने इस्हाक यांच्या कथनानुसार जातुर्रिकाच्या मोहिमेहून परतताना त्यांचा उंट थकून मागे पडला होता. पैगंबर (स.) मागे येऊन त्यांच्यासोबत चालू लागले. नव्या संसाराची चौकशी झाली. पत्नी पूर्वी विवाह झालेली आहे हे कळल्यावर, कुमारिकेशी विवाह केला असता तर परस्परांत हास्यविनोद झाला असता, असे त्यांनी प्रेमाने विचारले. जाबिर (रजि.) यांनी कारण सांगितले : घरात लहान बहिणी आहेत; त्यांच्याच वयाची मुलगी आणण्यापेक्षा त्यांचे केस विंचरणारी, त्यांना सांभाळणारी स्त्री आणणे योग्य वाटले. पैगंबर (स.) यांनी निर्णयाची प्रशंसा केली आणि दुआ दिली. विवंचनेतल्या तरुणाला त्यांनी आधी त्याच्या घरातील आनंदाविषयी विचारले, हे विशेष.

त्याच वाटेवर पैगंबर (स.) यांनी तो थकलेला उंट विकत मागितला. मदीनेपर्यंत स्वारी करू देण्याच्या अटीवर एका ऊकियाला व्यवहार ठरला. मदीनेत पोहोचल्यावर हजरत बिलाल (रजि.) यांना सांगून किंमत तोलून दिली गेली, वर थोडे अधिकही दिले, आणि शेवटी उंटही परत मिळाला. मान राखून केलेली ही मदत होती. ते वरचे थोडे नाणे जाबिर (रजि.) यांनी थैलीत अनेक वर्षे जपून ठेवले, हर्राच्या दुर्घटनेत ते गेले.

हिजरी 5 मध्ये खंदक खोदताना पैगंबरांच्या (स.) पोटाला भुकेने दगड बांधलेला त्यांना दिसला. घरात एक साअ जव आणि एक लहान शेळी होती. पत्नीने जव दळले, शेळी शिजू लागली. अन्न थोडे आहे, लाजिरवाणे होऊ नये, एवढेच तिने बजावले. जाबिर (रजि.) यांनी हळूच निमंत्रण दिले, पैगंबर (स.) यांनी सर्व खंदकवाल्यांना बोलावले. सुमारे हजार लोक जेवले आणि हंडी तशीच उकळत राहिली. मेजवानीसाठी त्या घराने उधार काढले नव्हते. जे होते तेच पुढे ठेवले होते.

आणखी एकदा पैगंबर (स.) त्यांचा हात धरून आपल्या घरी घेऊन गेले. कालवण म्हणून सिरका सोडून काही नव्हते. पैगंबर (स.) यांनी सिरक्याची वाखाणणी केली. त्या दिवसापासून जाबिर (रजि.) यांना सिरका आयुष्यभर आवडत राहिला. कधी पैगंबर (स.) यांनी घरात गालिचे आहेत का, असे विचारले होते. आमच्याकडे कुठले, असे त्यांनी म्हटल्यावर ते पुढे मिळतील, असे सांगितले होते. पुढे ते मिळाले. जाबिर (रजि.) ते काढून टाकायला सांगत, तेव्हा पत्नी त्याच वचनाची आठवण देई आणि ते गप्प बसत. कर्जमुक्त घरात हलालची सोय नाकारण्याचे कारण उरले नव्हते.

वृद्धत्वात त्यांची दृष्टी गेली. मस्जिदे नबवीत त्यांचा अध्यापनाचा हलका असे. त्यांच्याकडून 1540 हदीस रिवायत झाल्या. व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार सारे दोषी ठरवणारी हदीस त्यांचीच. खरेदी, विक्री आणि वसुलीत नरमाई करणाऱ्यासाठी रहमतीची दुआही त्यांनीच पोहोचवली. दोन दिनारांच्या कर्जामुळे एका मृताची जनाजा नमाज थांबली आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे अंगावर घेतल्यावरच ती झाली, हा प्रसंगही त्यांनी सांगितला. कयामतच्या दिवशी माणसांचे परस्परांवरील हक्क चुकते होण्याविषयीची एकच हदीस ऐकण्यासाठी त्यांनी उंट खरेदी करून एक महिन्याचा शामचा प्रवास केला होता. पित्याचे देणे मापून देणाऱ्या माणसाला या विषयाची ओढ का असावी, हे समजते. प्रसिद्ध मतानुसार हिजरी 78 मध्ये, सुमारे 94 वर्षांच्या वयात त्यांचा इंतिकाल झाला.

आपल्या घरांतही लग्न, आजारपण, शिक्षण आणि घरबांधणीचे कर्ज असते. अशा घराने जाबिर (रजि.) यांच्या घराकडे पाहावे. देणे किती व कोणाचे हे कागदावर लिहावे. कुरआनची हीच ताकीद आहे. घरातील सर्वांना ते माहीत असावे. फेडीचा हिस्सा आधी बाजूला काढावा. व्याजाच्या दारी जाऊ नये. दिखाव्याची मेजवानी टाळावी, पण दारी आलेल्या पाहुण्यासमोर असेल ते आनंदाने ठेवावे. मुलींचे केस विंचरणे, पत्नीशी हसून बोलणे, भाकरीसोबतच्या साध्या कालवणाची तारीफ करणे यांना पैसे लागत नाहीत. ते कर्ज फिटेपर्यंत पुढे ढकलू नये. आणि ज्यांचे येणे आहे, त्यांनी ऋणको अडचणीत असेल तर मुदत द्यावी. अल्लाह आपल्या घरांना देणे देण्याची नियत, ते फेडण्याचे सामर्थ्य आणि असलेल्यात समाधान देवो. आमीन.