नॅथॅनियल बाल्डविन: स्वयंपाकघरात हेडफोन बनवणारा माणूस आणि आपला हेडफोन निवडताना त्याच्याकडून काय शिकायचं?

हेडफोन घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो? शॉपिंग ॲप उघडतो, बजेटचा फिल्टर लावतो, चार स्टारच्या वरचे बघतो आणि जो दिसायला भारी असेल तो ऑर्डर करतो. मग घरी आल्यावर कळतं की बास नुसता धडधडतोय, पण गाणाऱ्याचा आवाज दबलाय. किंवा हेडफोन महागाचा आहे, पण मोबाईलला लावला की आवाज पुरेसा मोठा होत नाही. किंवा सगळं छान आहे, पण अर्ध्या तासात कान दुखायला लागतात.

मित्रांनो, हे तिन्ही प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत. आणि हे तिन्ही प्रश्न एका माणसाने सोडवले होते, तेही घरच्या स्वयंपाकघरात बसून. त्याचं नाव नॅथॅनियल बाल्डविन. आज आपण ज्याला हेडफोन म्हणतो, त्याचा जनक म्हणून त्याला ओळखलं जातं. कानाला लावून ऐकायची उपकरणं त्याच्या आधीही होती, टेलिफोन ऑपरेटर ती वापरत. पण दोन्ही कानांना बसणारा, हलका आवाजही स्पष्ट ऐकवणारा आणि डोक्यावर नीट राहणारा हेडफोन त्याने दिला.

चला तर मग, जाणून घेऊया त्याची गोष्ट. शेवटी आपल्या खरेदीचंही बघूच.

कोण होता हा बाल्डविन?

जन्म १ डिसेंबर १८७८, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या फिलमोर गावात. घर मॉर्मन पंथाचं. मुलगा हुशार होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊन त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलं आणि परत युटाला येऊन ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकवायला लागला. विषय दोन, भौतिकशास्त्र आणि धर्मशास्त्र. सकाळी वीज, दुपारी देव असं म्हणा ना!

पण इथेच त्याच्या आयुष्यातली एक गाठ आहे. मॉर्मन चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा अधिकृतपणे थांबवली होती. बाल्डविनला मात्र जुनी शिकवणच खरी वाटत होती आणि तो ते लपवत नव्हता. या मतांमुळे त्याची नोकरी गेली. मग तो एका जलविद्युत केंद्रात कामाला लागला. ही गाठ लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

ऐकू येत नव्हतं, म्हणून सुरुवात झाली

सॉल्ट लेक सिटीमध्ये मॉर्मन लोकांचं टॅबरनॅकल नावाचं प्रचंड सभागृह आहे. हजारो माणसं बसतील एवढं मोठं. तेव्हा माइक नाही, स्पीकर नाही. बाल्डविन तिथे प्रवचन ऐकायला जायचा, पण बोलणं त्याच्यापर्यंत नीट पोचायचंच नाही.

दुसरा कोणी पुढची जागा पकडायला लवकर गेला असता. बाल्डविनने ठरवलं की आवाजच मोठा करायचा. वीज केंद्रात कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे दाबलेली हवा हाताशी होती. तिचा वापर करून आवाज वाढवायचे प्रयोग त्याने सुरू केले. या खटाटोपातून त्याला एक गोष्ट कळत गेली. आवाज मोठा करण्याआधी, अगदी बारीक सिग्नललाही दाद देईल असा रिसीव्हर हवा. मग त्याने सगळं लक्ष त्या रिसीव्हरवर लावलं.

आत नेमकं काय होतं?

त्या काळच्या साध्या टेलिफोन रिसीव्हरमध्ये लोखंडाची एक पातळ चकती असायची आणि तिच्यामागे चुंबक. चुंबक चकतीला सतत स्वतःकडे ओढून धरायचा. म्हणजे चकती आधीच ताणलेली. अशा चकतीला बारीक सिग्नलने हलवणं अवघड.

बाल्डविनने काय केलं? सोनाराचा तराजू आठवा. दोन्ही पारडी समान असली की गुंजभर वजनानेही काटा हलतो. तसंच त्याने लोखंडाची एक छोटी पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अशी ठेवली की तिला दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ बसेल. भोवती तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलमधून जराशी वीज गेली तरी तोल बिघडतो आणि पट्टी झुकते. ती हालचाल एका बारीक काडीने अभ्रकाच्या पातळ पडद्यापर्यंत पोचते आणि पडदा आवाज करतो.

या रचनेला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. कल्पना त्याच्या आधीही मांडली गेली होती, पण तिचा एवढा संवेदनशील आणि रोज वापरता येईल असा हेडफोन बाल्डविनने केला. हे नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! आजच्या कितीतरी इन-इअर इअरफोनच्या बॉक्सवर हेच लिहिलेलं असतं. हेच तंत्र लहान होत होत श्रवणयंत्रात गेलं, तिथून स्टेजवरच्या गायकांच्या कानात आणि मग आपल्या कानात.

जांभळ्या शाईतलं पत्र

१९१० मध्ये अमेरिकन नौदलाच्या रेडिओ विभागात एक पत्र आलं. निळ्या-गुलाबी कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेलं. पाठवणारा युटामधला कोणी अनोळखी माणूस, आणि त्याचं म्हणणं असं की त्याचा हेडफोन नौदलाने तपासून बघावा. असलं पत्र बघून तुम्ही-आम्ही काय केलं असतं? तिथेही कोणी फार मनावर घेतलं नाही. पण सहज म्हणून चाचणी केली आणि सगळे चाट पडले. नौदलाकडे असलेल्या हेडफोनपेक्षा यात कितीतरी स्पष्ट ऐकू येत होतं.

हे नौदलासाठी एवढं महत्त्वाचं का होतं? तेव्हा जहाजावरचा रेडिओ म्हणजे मोर्स कोडची टिकटिक. शेकडो मैलांवरून आलेला सिग्नल अगदी क्षीण असायचा आणि तो वाढवणारे ॲम्प्लिफायर अजून वापरात आले नव्हते. अँटेनाने हवेतून जेवढी ऊर्जा पकडली, तेवढ्यातूनच कानात आवाज तयार व्हायचा. म्हणून संदेश ऐकू येणार की नाही, हे बऱ्याच अंशी हेडफोनवर ठरायचं. तो संदेश मदत मागणाऱ्या जहाजाचाही असू शकतो.

हेडफोन उघडून बघितला तर आतल्या कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार, सुमारे एक मैल लांब! एवढी तार कशासाठी? त्या काळच्या रेडिओतून मिळणारा करंट अगदी नगण्य. तेवढ्या करंटमधून जास्तीत जास्त ओढ हवी तर वेढे जास्त पाहिजेत. वेढे वाढले की विजेला होणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, हजारो ओहमवर जातो. त्या रेडिओला नेमकं तेच मानवत होतं. म्हणजे बाल्डविनचा हेडफोन समोरच्या उपकरणाशी जुळणारा होता. तोच हेडफोन आजच्या मोबाईलला लावला तर नीट चालणार नाही, कारण दोघांची जोडीच जमत नाही.

नौदलाला आणखी हेडफोन हवे होते. बाल्डविनने कळवलं की तो हे घरच्या स्वयंपाकघरात बनवतो, त्यामुळे एका वेळी दहाचीच ऑर्डर घेता येईल. जगातल्या मोठ्या नौदलांपैकी एक, आणि माल येतोय दहा-दहाच्या हप्त्याने! पण नौदलाने ते मान्य केलं. वस्तूच तशी होती.

जी गोष्ट त्याला किरकोळ वाटली

ऑपरेटरांची मात्र एक तक्रार आली. आवाज मस्त, पण डोक्यावरचा पट्टा त्रास देतो. तासन्‌तास ड्युटी करणाऱ्या माणसाला हा त्रास छोटा नव्हता.

बाल्डविनने पट्टा बदलला. चामड्याने मढवलेल्या दोन तारा, त्यावर वरखाली सरकणारे इअरपीस. कोणाचंही डोकं असो, ॲडजस्ट करा आणि घाला. आज तुमच्या हेडफोनला जी सरकणारी बाजू आहे, तिची ही पूर्वज. त्याला सुचवलं गेलं की याचं पेटंट घे. त्याने घेतलं नाही. एवढ्या किरकोळ गोष्टीचं कसलं पेटंट, असं त्याचं मत. तीच किरकोळ गोष्ट पुढे जगभर डोक्यावर बसली.

कारखाना, पैसा आणि मग घसरण

पहिल्या महायुद्धात मागणी वाढली. सॉल्ट लेक सिटीजवळ मिल क्रीक भागात बाल्डविनने कारखाना उभारला. मग १९२० नंतर घराघरात रेडिओ आला आणि सुरुवातीच्या त्या रेडिओंवर कार्यक्रम ऐकायचा तर हेडफोन हवाच. १९२२ पर्यंत कारखान्यात सुमारे १५० माणसं कामाला होती आणि वर्षाची कमाई वीस लाख डॉलरच्या घरात गेली होती. बाल्डविनचे रिसीव्हर कर्ण्याच्या तळाशी बसवून लाउडस्पीकर म्हणूनही वापरले जात.

आता ती गाठ परत येते. बहुपत्नीत्वाची जुनी प्रथा मानणाऱ्या लोकांना तेव्हा कोणी जवळ करत नव्हतं. बाल्डविनने त्यांना नोकऱ्या दिल्या, कंपनीत मोठ्या जागा दिल्या, त्यांच्या कामाला पैसा दिला. त्याच्या दृष्टीने तो धर्म पाळत होता. पण धंद्याच्या हिशेबात याचं ओझं वाढत गेलं. १९२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

त्याने पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला, नवे व्यवहार केले, पण ते आणखी गोत्यात नेणारे निघाले. १९३० मध्ये टपालाद्वारे फसवणुकीच्या खटल्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यातली दोन वर्षं त्याने मॅकनील आयलंडच्या तुरुंगात काढली. नंतर ते वैभव कधी परत आलं नाही. १९ जानेवारी १९६१ रोजी तो गेला, वयाच्या ८२ व्या वर्षी. हातात संपत्ती उरली नव्हती. कारखान्याची इमारत मात्र अजून आहे. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत तिची नोंद आहे आणि कलाकारांनी तिथे आपले स्टुडिओ थाटले.

ज्या माणसाला तारेतला सर्वात बारीक आवाज ऐकू यायचा, त्याला आपल्याच कंपनीतली धोक्याची घंटा ऐकू आली नाही. की ऐकू येऊनही त्याने विश्वासाला धरून राहायचं ठरवलं? हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग आपण हेडफोन कसा निवडायचा?

बाल्डविनने जे चार प्रश्न सोडवले (चौथ्यात तो चुकला), तेच आपणही विचारायचे.

१. काय ऐकायचं आहे? बाल्डविनचा हेडफोन मोर्स कोड आणि बोलण्यासाठी होता. त्यावर संगीत ऐकलं तर बास जवळपास गायबच. त्या कामासाठी तो बरोबर होता, एवढंच. आजही तसंच आहे. ढोल-ताशा, डीजे, हिप-हॉप आवडत असेल तर डायनॅमिक ड्रायव्हर बघा. त्याचा पडदा मोठा असतो, जास्त हवा ढकलतो आणि बासला जोर येतो. शास्त्रीय गाणं, भावगीत, गझल, पॉडकास्ट जास्त ऐकत असाल तर चांगला बॅलन्स्ड आर्मेचर इअरफोन बारकावे छान दाखवतो. दोन्ही हवंय? दोन्ही ड्रायव्हर असलेले हायब्रिड इअरफोनही मिळतात. पण नुसतं नाव वाचून घेऊ नका. आवाज कसा ट्यून केलाय ते जास्त महत्त्वाचं, म्हणून तुमचं रोजचं गाणं लावून ऐका.

२. कशाला लावायचं आहे? वायरवाल्या हेडफोनच्या बॉक्सवर ओहममध्ये इम्पिडन्स आणि डीबीमध्ये सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते. मोबाईलसाठी १६ ते ३२ ओहम आणि १०० डीबीच्या आसपास किंवा जास्त सेन्सिटिव्हिटी असेल तर सहसा अडचण येत नाही. २५० किंवा ३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन मोबाईलवर बहुतेक वेळा दबलेला वाजतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सी डोंगलचा खर्चही धरा. आणि ब्लूटूथ घेत असाल तर ओहमची झंझट नाही, कारण ॲम्प्लिफायर हेडफोनच्या आतच असतो. तिथे बॅटरी आणि फोनला चालणारा कोडेक बघा.

३. किती वेळ घालायचं आहे? ऑपरेटरांची तक्रार आठवा. वजन किती, कानावर दाब किती, गादी उष्ण तर होत नाही ना? इन-इअर असेल तर योग्य मापाची रबरी टिप लावा. टिप सैल असली की बास निघून जातो आणि आपण दोष इअरफोनला देतो.

४. पैसे कुठे जातायत? सारख्याच किमतीत वायरवाला सहसा जास्त चांगला वाजतो, कारण वायरलेसमध्ये बॅटरी, चिप आणि चार्जिंग केसचेही पैसे असतात. प्रवासात वायर नकोच असेल तर ते पैसे जरूर द्या. फक्त ते कशासाठी देतोय हे माहीत असू द्या.

पुढच्या वेळी हेडफोन डोक्यावर सरकवून नीट बसवाल, तेव्हा त्या सरकणाऱ्या बाजूकडे एकदा बघा. तिचा पेटंट नंबर सापडणार नाही. युटामधल्या एका माणसाला ती फार किरकोळ वाटली होती.