हत्तीवर बसून सागवान मोजणारे जर्मन साहेब : डिट्रिश ब्रँडिस

सागाचं झाड एका पिढीनं लावायचं आणि पुढच्या पिढीनं तोडायचं. मग यंदा जंगलातून किती झाडं काढली म्हणजे पुढच्यांना कमी पडणार नाहीत? हा हिशेब मांडून दाखवला डिट्रिश ब्रँडिस यांनी. त्यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात झाला. शिक्षण वनस्पतीशास्त्राचं.

१८५२ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशातला पेगू प्रांत घेतला. जहाजबांधणीसाठी सागाला मोठी मागणी होती. शेजारच्या तेनासरीम भागातली सागवनं आधीच ओरबाडून झाली होती. पेगूचीही तीच गत होणार, अशी चिन्हं होती. १८५६ मध्ये इथली सागवनं ब्रँडिस यांच्याकडे सोपवण्यात आली.

दमट हवेत कागद टिकत नसे. म्हणून ते हत्तीवर बसून, हातात काठ्या आणि चाकू घेऊन निघायचे. वाटेच्या दोन्ही बाजूंना साग दिसला की बुंध्याच्या घेराप्रमाणे त्या त्या काठीवर खाच पाडायची. सहा फूट किंवा जास्त घेराचं झाड पहिल्या दर्जाचं, साडेचार ते सहा फुटांचं दुसऱ्या दर्जाचं, त्याहून बारीक झाडं पुढच्या दर्जांत. अंगात हिवताप असतानाही ही मोजणी चालूच राहिली.

दुसऱ्या दर्जाचं झाड पहिल्या दर्जात यायला सुमारे २४ वर्षं लागतात, असं त्यांनी काढलं. म्हणून वर्षाला पहिल्या दर्जाच्या झाडांपैकी चोविसावा हिस्साच तोडायचा. ती संपेपर्यंत मागची झाडं तयार होतात. लाकूड व्यापाऱ्यांना हे रुचलं नाही, पण ब्रँडिस हटले नाहीत. करेन शेतकऱ्यांच्या फिरत्या शेतीत पिकासोबत साग लावून घेण्याची पद्धतही त्यांनी रुजवली.

१८६४ मध्ये ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा सुरू झाली, ती त्यांच्याच प्रयत्नानं. त्याच वर्षीच्या वन कायद्यानं मात्र गावकऱ्यांचे चराईचे आणि लाकूडफाट्याचे हक्क आवळले. गावांसाठी वेगळी जंगलं राखावीत, असं ब्रँडिस यांचं मत होतं, पण ते फारसं चाललं नाही. महाराष्ट्रात महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगल खात्याच्या जाचावर कोरडे ओढले.

१८८३ मध्ये ब्रँडिस निवृत्त झाले. भारतातल्या झाडांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये आला आणि २८ मे १९०७ रोजी बॉनमध्येच त्यांचं निधन झालं. आधी झाडं मोजायची, मग कुऱ्हाड उचलायची, ही त्यांची रीत मात्र वनखात्यात कायम राहिली.