उंची कमी म्हणून कॉलेजात नाव घेतलं नाही, त्याच पोराने स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणून दिलं

दहावी-बारावीचा निकाल लागला की पालघर, बोईसर, तारापूरच्या ज्या घरांत खेळणारं पोर आहे, तिथे एक वेगळीच धावपळ सुरू होते. कपाटातल्या फाइलमधून सर्टिफिकेटं बाहेर निघतात. तालुक्याला पहिला, जिल्ह्याला दुसरा, विभागापर्यंत धडक. मग प्रश्न येतो, आता पुढे काय? खेळाडू कोट्यातून कोणत्या कॉलेजला अ‍ॅडमिशन मिळेल? तिथे आपल्या खेळाची टीम तरी आहे का? आणि मुंबईचं कॉलेज घेतलं तर पहाटेची गाडी पकडून लेक्चर आणि प्रॅक्टिस दोन्ही जमेल का?

अमेरिकेत या शोधाची दिशा उलटी असते. तिथे बऱ्याचदा कॉलेजच खेळाडू शोधत येतं. बास्केटबॉलचे कोच हायस्कूलच्या मॅचला जाऊन बसतात, पोरांचे व्हिडिओ मागवतात, घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात. तिथल्या कॉलेज स्पर्धांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेत कॉलेजांचे तीन गट आहेत. तिसऱ्या गटातल्या कॉलेजांना खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. तरी त्यांचे कोचही पोरं शोधत फिरतात. मोठ्या कॉलेजांनी उंची कमी म्हणून सोडलेला एखादा चांगला खेळाडू त्यांच्या हाती लागतो.

आपल्याकडे अशी शोधाशोध करणारी यंत्रणा फारशी नव्हतीच. शाळेतलं पोर कॉलेजात गेलं आणि तिथल्या कुणाची त्याच्यावर नजर पडली, तर त्याचं नशीब. हे नशीब उघडतं तेव्हा काय होतं आणि एका माणसाला त्यासाठी काय मोजावं लागतं, हे कळायला खाशाबा दादासाहेब जाधव यांची गोष्ट माहीत असायला हवी.

गोळेश्वरचं धाकटं पोर

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म इथलाच. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरात कुस्तीचं वातावरण, त्यामुळे लाल माती लहानपणीच अंगाला लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या पैलवानाला दोन मिनिटांत चीत केलं होतं, असं सांगितलं जातं.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. ते शाळेत असतानाच १९४२ची चळवळ आली. आसपासच्या पोरांसारखे खाशाबाही तिच्यात उतरले. शाळा, चळवळ आणि तालीम असं तिन्ही एकत्र चालू होतं. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवलं. 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरायची आणि त्याला उचलून फेकायचं.

शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होतं. राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीची पंढरी केलं होतं, खासबागचं मैदान त्यांच्याच काळातलं. पैलवानासाठी याहून चांगली जागा कोणती असणार?

सरांनी नाव घ्यायलाच नकार दिला

झालं मात्र भलतंच. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा क्रीडा शिक्षकांकडे गेले. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, अंगकाठी बारीक. समोरचे पैलवान धिप्पाड. शिक्षकांनी एकदा बघितलं आणि नाव घ्यायला साफ नकार दिला.

शिक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. टीम निवडताना डोळ्यांना आधी शरीर दिसतं. बास्केटबॉलला उंची बघतात, कुस्तीला छाती आणि मांड्या. मेहनत, डोकं आणि चपळाई बघायची तर आधी पोराला खेळू द्यावं लागतं.

खाशाबा गप्प बसले नाहीत, थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते खर्डेकर. त्यांनी पोराचं म्हणणं ऐकलं आणि खेळायची परवानगी दिली. मग स्पर्धेत खाशाबांनी आपल्याहून दणकट, अनुभवी पैलवान एकामागून एक पाडले.

इथून खर्डेकर आणि खाशाबा यांचं एक नातं तयार झालं. पुढे ते ऑलिम्पिकच्या पदकापर्यंत पोचलं. आजच्या भाषेत हे एका कॉलेजने केलेलं टॅलेंट सिलेक्शन होतं. फरक इतकाच की त्यासाठी कोणती समिती नव्हती आणि बजेटही नव्हतं.

लंडन १९४८: मातीतून मॅटवर

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांची निवड झाली. वय अवघं २२. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

अडचण वेगळीच होती. आयुष्यभर मातीत खेळलेल्या पैलवानाला तिथे मॅटवर उतरायचं होतं. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीतली कुस्ती चीत झाल्यावर संपते, मॅटवर गुण मोजले जातात आणि घड्याळ चालू असतं. म्हणजे डाव तेच, पण हिशोब नवा. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना थोड्या दिवसांत जमेल तेवढं शिकवलं.

तरीही फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. शेवटी सहावा नंबर आला.

पहिल्यांदाच मॅटवर खेळणाऱ्या पैलवानासाठी हे मोठं यश होतं. खाशाबांना मात्र ते पुरेसं वाटलं नाही. परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं तयारीला वाहून घेतलं. वजनाचा गटही वाढवला, ५२ किलोवरून ५७ किलो.

चार वर्षांत सगळंच बदललं होतं

१९४८ आणि १९५२ या दोन ऑलिम्पिकच्या मधे एक मोठी गोष्ट घडली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. देशासाठी हे चांगलंच होतं. पैलवानांसाठी मात्र खर्च उचलणारा हात गेला. संस्थानिकांचा आश्रय संपला होता आणि सरकारची क्रीडा व्यवस्था अजून उभी राहायची होती. खाशाबांचं हेलसिंकीचं तिकीट नेमकं या मधल्या काळात सापडलं.

आधी तर निवडीतच अडथळा आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने ते मागे राहिले. निकाल चुकीचा आहे असं वाटून त्यांनी कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, महाराजांनी पुन्हा लढत लावून दिली आणि ती खाशाबांनी जिंकली, असं सांगितलं जातं. कॉलेजात प्राचार्यांचं दार ठोठावणारं पोर आता देशपातळीवर तेच करत होतं.

निवड झाली, पण पैसे नव्हते. सरकारकडे मदत मागून झाली, गरजेपुरती रक्कम काही जमेना. मग खाशाबा आणि घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी ज्याला जे जमेल ते दिलं. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती.

तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले.

१९५२ साली ७,००० रुपये म्हणजे काय, याचा जरा विचार करा. एका कॉलेजच्या प्राचार्याने, घरातला नसलेल्या एका विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावलं होतं. पोरगा हरला असता तर कर्ज तसंच राहिलं असतं.

हेलसिंकी

खाशाबा फिनलंडला पोचले. कोल्हापूरचेच के. डी. माणगावे हेही त्या पथकात होते. फेदरवेट गटात ते चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं.

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. लढत लांबली आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

त्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे पंचांना सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. थकलेले खाशाबा ती लढत हरले.

तरीही कांस्यपदक त्यांचं झालं. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. यानंतर असं पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. अटलांटात लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकलं. मधे तब्बल ४४ वर्षं गेली.

बैलगाड्यांची मिरवणूक आणि आधी फेडलेलं कर्ज

हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे देशभर चर्चा हॉकीची होती. कराडकरांसाठी मात्र आपला खाशाबा मोठा होता. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक काढली गेली. ज्यांनी खिशातून पैसे काढून दिले होते, तेच लोक गुलाल उधळायला आले होते.

घरी आल्यावर खाशाबांनी आधी कुस्तीची मैदानं भरवली. त्यातून आलेल्या पैशांतून खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदक जिंकून आलेल्या पैलवानाला पहिल्यांदा आपल्या सरांचं कर्ज आठवलं.

नोकरी, उपेक्षा आणि उशिरा आलेला मान

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न मोडलं. पोलीस दलात त्यांनी २७ वर्षं नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढती मात्र फार उशिरा मिळाली, पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं, असं सांगितलं जातं.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य दिन होता.

अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून जास्त काळ उलटल्यावर. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२३ मध्ये जयंतीला गुगलने त्यांचं डूडल केलं. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पद्म पुरस्कार मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

मग आजच्या पोरांसाठी यात काय आहे?

२०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा तो महाराष्ट्राचा पहिला खेळाडू, तब्बल ७२ वर्षांनी. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. पण त्याच्या वाटेवर सरकारची क्रीडा प्रबोधिनी होती आणि नंतर रेल्वेची नोकरी. त्याच्या सरांना घर गहाण टाकावं लागलं नाही. मधल्या काळात व्यवस्था उभी राहिली, हे मान्य करायलाच हवं.

शालेय स्पर्धा आज तालुक्यापासून राज्यापर्यंत १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. त्यात ठरावीक पातळी गाठणाऱ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून पालघर-बोईसरच्या घरातली ती सर्टिफिकेटची फाइल नीट जपून ठेवायला हवी, अर्जाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

पण सर्टिफिकेटच्या आधीची पायरी कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. मोखाडा-जव्हारच्या डोंगरात अनवाणी धावणारी मुलगी किंवा तारापूरच्या कामगार वसाहतीत रोज संध्याकाळी बॉल बडवणारा मुलगा कुणाला तरी दिसावा लागतो. बघताक्षणी नाही म्हणण्याऐवजी एकदा खेळून दाखव म्हणणारं कुणीतरी शाळेत आणि कॉलेजात असावं लागतं. छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजला हे करायला पैसे लागत नाहीत. निवड चाचणी सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि जिमखान्याच्या सरांनी आसपासच्या शाळांच्या चार मॅच मैदानावर जाऊन बघितल्या, तरी पुष्कळ झालं.

आणि पोरांसाठीही एक गोष्ट आहेच. पहिल्या सरांनी नाव घेतलं नाही, तेव्हा खाशाबा घरी परत गेले नाहीत. त्यांनी पुढचं दार वाजवलं.